रुमालाखालचा हात

घोडेगाव
१० जून २०२४

अजिनाथ,

अक्षर बघून दचकू नकोस, पत्र माझंच आहे. डाव्या हातानं लिहितोय. दोन वर्षं झाली तरी ह्या हाताला शिस्त नाही, शाळेत नव्यानं बसवलेल्या पोरासारखा ओळ सोडून खाली घसरतो. फोन लावला की तू कट करतोस. आरतीला लावला तर ती म्हणते, ‘ते बाहेर गेलेत,’ आणि तेवढ्यात मागून तुझा खोकला येतो. माझे कान तुला माहीत आहेत. तिला म्हणावं, खोटं बोलायचं तर आधी खोकणाऱ्याला उठवून बाहेर पाठवत जा. पत्र काही कट करता येत नाही, म्हणून पत्र.

बातमी अशी की मी हात बसवतोय. यंत्राचा, बॅटरीवर चालणारा. पाचही बोटं वेगवेगळी हलतात. पुण्यात माप घेतलं. तिथं रेश्मा नावाची एक मुलगी आहे, तुझ्या पुतणीच्या, मोनिकाच्या वयाची. तिनं मनगटाच्या वरच्या थोट्या हाताला दोन चकत्या चिकटवल्या आणि म्हणाली, ‘मामा, उजवी मूठ उघडायचा विचार करा.’

मी म्हटलं, ‘बाई, ती मूठ आमच्या आईनं बांधावर बोरीखाली पुरलीय.’

ती हसली नाही. म्हणाली, ‘मूठ गेली. तुमचा हुकूम अजून कोपराखालपर्यंत येतो. तो आम्हाला पकडायचाय.’

सकाळभर हुकूम काही येईना. खरी गोष्ट तुला सांगतो, गेलेली मूठ मला अजून जाणवते. आवळलेली. आत काहीतरी धरून बसल्यासारखी, आणि दुखते. नसलेला हात दुखतो म्हटलं की लोक हसतात, म्हणून कोणाला सांगत नाही.

मग मला उसाच्या फडावरची आपली पाचटाची कोपी आठवली. आई-आप्पा पहाटे कोयते घेऊन गेले की आपण बैलबाजारातले दलाल रुमालाखाली करतात तसं गोधडीखाली सौदा-सौदा खेळायचो. मी चौदाचा, तू आठाचा. मी म्हणायचो ‘शेकडा’ आणि तुझी बोटं धरायचो. एक धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा दाबला की पाच. आणि कोणत्याच बाजारात नसलेली आपली एक खूण होती. करंगळी दोनदा दाबली की ‘घरी चल.’ कोणी रागावलं, कोणी मारलं, की तू न बोलता माझी करंगळी दाबायचास.

ते आठवलं आणि पडद्यावरची रेघ उसळली. रेश्मा म्हणाली, ‘आता काय केलंत?’ मी म्हटलं, ‘धाकट्याचा हात धरला.’

अजिनाथ, तुझ्या हातून जे झालं ते झालं. मी तुला केव्हाच माफ केलंय. कर्जतला सासरच्या गावी किती दिवस राहशील? दुसऱ्याच्या गोदामाची राखण करतोस असं ऐकलं. जनावरात वाढलेला माणूस पोत्यांत कसा जगेल? आई विचारते. घरी ये.

दादा


घोडेगाव
२१ जुलै २०२४

अजिनाथ,

आरतीचं कार्ड पोचलं. दोन ओळी आहेत, पण पाठ झाल्या. ‘ह्यांनी पत्र माफ केलं इथपर्यंत वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं. तब्येतीला जपा.’

बरं. ते वाक्य मी मागं घेतो. बाजारात एकदा दिलेला आकडा मागं घेत नाहीत, पण आपण काही बाजारात नाही.

हे पत्र नव्या हातानं लिहिलंय. अक्षर ओळखलंस? मी स्वतः थक्क झालो. पेन त्या बोटांत नुसतं अडकवून दिलं, कोपर आणि खांदा फिरवत गेलो, तर कागदावर माझंच जुनं अक्षर उमटलं, उजवीकडं झुकलेलं. मास्तर ज्या अक्षराबद्दल मला छड्या मारायचे, तेच. इतके दिवस मला वाटायचं की ते अक्षर बांधावर पुरलं गेलं.

हात काळा आहे, जड आहे, संध्याकाळी काढून ठेवला की खांदा हलका होतो आणि मन नाही. त्याला स्पर्श कळत नाही. कोणी जोरात दाबलं तर धक्का कोपरापर्यंत येतो, एवढंच. करंगळीचा सांधा जरा ढिला आहे, दाबली की टक् वाजते. रेश्मा म्हणाली, पुढच्या खेपेला बदलू. मी म्हटलं, राहू दे, माझ्या गुडघ्यांना सोबत होईल.

आईनं हात चाचपून बघितला. म्हणाली, ‘गार हाय.’ नंतर बराच वेळ तो आपल्या दोन्ही हातांत धरून बसली, तापवायला ठेवल्यासारखा.

पहिला बाजार सांगतो. दोन वर्षं मी शुक्रवारी नुसता उभा असायचो. डावा हात रुमालाखाली कोण घेणार? शब्द उजव्या हाताचा. पाथर्डीहून दुसऱ्याची जनावरं पायी हाकत ह्या बाजारात आलो, ह्याच हातावर दलाल झालो, घर बांधलं. हात गेला तसा मी बाजारात चहा पिणारा झालो. बाजारातले सगळ्यात जुने दलाल आबासाहेब मात्र दर शुक्रवारी विचारायचे, ‘सहादेव, आज कशी काय हालहवाल?’ ते आता ऐंशीला टेकलेत, पण दावणीला हातात काठी नसते त्यांच्या.

मी गेलो तसे पहिल्यांदा तेच पुढं झाले. खांद्यावरचा रुमाल काढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.

‘घाल रं हात. बगू करंट बसतोय का.’

‘चार्जिंग करून आनलाय का?’ मागून कोणीतरी म्हणालं.

‘तुज्या बायकोकडं केलं चार्जिंग,’ मी म्हटलं, आणि हशा झाला. हसणं माझ्या बाजूनं असलं की मी निम्मी लढाई जिंकतो, तुला ठाऊक आहे.

आबासाहेबांनी माझी बोटं धरली. दोघंही रिवाजाप्रमाणे भलतीकडं बघत होतो, ते आभाळाकडं, मी बैलाच्या शेपटीकडं. मी तीन बोटं उघडली. त्यांनी दोन धरली. मी पुन्हा तीन. मग त्यांनी पंजावर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘सहादेवचा हात आला रं.’

त्या बैलजोडीचं काय झालं ते मला आठवतसुद्धा नाही. लघवीला जातो सांगून टेम्पोमागं गेलो आणि तोंड धुतलं.

कडबा कापायचं कुट्टी मशीन अजून गोठ्यातच आहे, पोतं टाकून. विकायला काढावं तर गिऱ्हाईक विचारतं, ‘हीच का ती?’

दादा


घोडेगाव
२९ सप्टेंबर २०२४

अजिनाथ,

तू उत्तर देत नाहीस, तरी लिहायची सवय लागली. तुझी वहिनी म्हणते, ‘भिंतीशी बोलन्यापेक्षा बरं हाय, टपालवाल्याचं तरी पोट भरतंय.’

पोळ्याच्या आधीपासून माझे सौदे फसत होते. एकही घसघशीत होईना. मी शेवटचा आकडा मनात ठेवावा आणि गिऱ्हाइकानं नेमकं तिथं येऊन बसावं, एक बोट इकडं नाही की तिकडं नाही. शेजारच्या दावणीचा दलाल तर माझा सौदा मोडायच्या आधीच माझ्या गिऱ्हाइकाला हाक मारायचा. मला वाटलं रुमाल पातळ झाला. दुहेरी केला. नंतर वाटलं कोणीतरी मागं उभं राहून खांदा वाचतंय. घोंगडं घेतलं. भाद्रपदाच्या उकाड्यात घोंगड्याखाली हात घालून बसलेला मी, आणि लोक बघून गालात हसतायत.

परवा आबासाहेबांनी चहाच्या टपरीवर नेलं. बशीत चहा ओतला, फुंकला आणि म्हणाले, ‘सहादेव, तुजा हात बोलतो.’

‘म्हंजी?’

‘मी पाठ करून बसतो. तू घोंगड्याखाली आकडे कर.’

मी केले. ते टपरीच्या कुडाकडं तोंड करून एकेक सांगत गेले. ‘तीन. पाच. दोन. आता नुसतं आंगठा.’ एकही चुकला नाही.

मग मी हात कानाशी नेला. अजिनाथ, प्रत्येक बोटाला वेगळा आवाज आहे. मधलं बोट भुंग्यासारखं जाड, तर्जनी त्याहून बारीक, करंगळी चिलटासारखी. किती बोटं उघडली ते आंधळ्यालासुद्धा कळेल. आपल्या धंद्यात रुमाल टाकला की झालं असं आपण मानतो, कारण हाडामासाच्या बोटांना आवाज नसतो. रुमाल डोळ्यांसाठी असतो. कानांसाठी आपण कधी काही केलंच नव्हतं.

‘कवापासून म्हाईत हाय?’ मी विचारलं.

‘आखाडापासनं. पोरं पैजा लावत्यात.’

‘मग सांगितलं का नाही?’

त्यांनी बशी खाली ठेवली. ‘तू ह्या बाजारातला सगळ्यात तिखट कानाचा मानूस. म्हशीच्या रवंथावरनं तू तिचं पोट सांगतोस. मला वाटलं, ऐकून सोडून देतोय. तुला सोताचंच ऐकू येत न्हाई असं कसं वाटंल कुनाला?’

घरी येताना मी टेम्पो वडाळ्याच्या फाट्यावर उभा केला आणि बराच वेळ बसून राहिलो. सगळ्या बाजाराला जे ऐकू आलं ते मला आलं नाही. मग आणखी काय काय माझं मी ऐकलं नसेल?

तो दिवस आठवला. ज्वारीचा कडबा, चैत्राचं ऊन, तू बटणाशी, मी मशीनच्या तोंडाशी. कुट्टी चालू असताना मला आत तारेचा किणकिणाट आला. तुला नव्हता आला. मी थांबवायला सांगितलं, तू थांबवलंस. मी हात घातला. आणि मशीन चालू झालं.

त्याआधी मी ‘दाब’ म्हणालो होतो का? मला खरंच आठवत नाही. म्हणालो असेन. असेन तर सांग.

दादा


घोडेगाव
१३ ऑक्टोबर २०२४

अजिनाथ,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे. मला आठवतं. रोज आठवतं.

खंडेनवमीला आईनं ओसरीवर अवजारं मांडली. विळा, कुऱ्हाड, आप्पांचा ऊसतोडीचा कोयता, पहार. मी नुकताच हात काढून चार्जिंगला लावला होता. ती हळदीचं बोट तसंच धरून आली आणि म्हणाली, ‘सहादू, ह्याला अवजारात मांडू, का तुज्या अंगावर ऱ्हाऊ दिऊ?’

मी म्हटलं, मांड. यंत्रच आहे.

तिनं तो कोयत्याशेजारी ठेवला, कुंकू लावायला वाकली आणि थबकली. मग उचलून माझ्याकडं आणला. ‘न्हाई. ह्यो हात हाय. हाताची पूजा नसती करायची, हातानं करायची असती. घाल आन तूच लाव कुंकू समद्याला.’

मी हात चढवला. त्या काळ्या बोटावर कुंकू घेतलं आणि एकेका अवजाराला लावत गेलो. शेवटी ती म्हणाली, ‘गोठ्यातल्या कुट्टीला बी लाव. तिचा काय दोष.’

पोतं काढलं. दोन वर्षांनी मी त्या मशीनच्या तोंडासमोर उभा राहिलो. बोट पुढं केलं तर त्याची भुणभुण ऐकू आली, आणि तिच्यामागून तुझा आवाज.

तू विचारलं होतंस. ‘दादा, हात काढला का?’

तार डाव्या हातात आली होती. उजवा अजून आत, रोलरवर. मला वाटलं, निघालाच. जीभ हातापुढं पळाली. मी म्हणालो, ‘दाब म्हनतो ना.’

तू दाबलंस, कारण मोठा भाऊ सांगत होता.

आणि नगरच्या दवाखान्यात आईनं विचारलं, ‘कुनी दाबलं बटन?’ मी तुझं नाव घेतलं, ‘आज्यानं.’ त्यात एक अक्षर खोटं नाही. माझा धंदाच तो आहे. बैल पायानं अधू असला तर मी कधी म्हणत नाही की पाय चांगला आहे. मी त्याची शिंगं दाखवतो. तू दाराशी उभा होतास, सदऱ्यावर माझं रक्त वाळलेलं. तू माझ्याकडं बघितलंस. मी सलाईनच्या बाटलीकडं बघत राहिलो. थेंब मोजले.

का, ते तुला कळायला हवं. ज्याच्या कानावर आणि अंदाजावर लोक जनावर घेतात, त्यानं स्वतःच्या तोंडानं स्वतःचा हात कापून घेतला, हे मला बाजाराला कळू द्यायचं नव्हतं. हात गेलाच होता. नाव राहावं म्हणून तुझं दिलं. गावानं तुला ‘हातकाप्या’ म्हटलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. पारावर, गिरणीत, एकदा तर आपल्याच दारात. तू चार महिने सोसलंस. माझी वाट बघत होतास, होय ना? मी बोलेन म्हणून. आणि मी तुला पत्रात माफी धाडली. तू ते पत्र फाडलं नाहीस हेच खूप.

आईला मी तिथंच, कुट्टीसमोर सांगितलं. तिनं कुंकवाची वाटी मशीनवर ठेवली आणि खाली बसली. मग म्हणाली, ‘चार म्हैने मी त्येच्या हातचं पानी न्हाई पिले, सहादू. त्यो तांब्या घिऊन उभा ऱ्हायाचा.’

त्यानंतर आजपर्यंत तिनं माझ्या हातचं घेतलेलं नाही. दोन्हीपैकी कुठल्याच.

सहादेव


घोडेगाव
१९ ऑक्टोबर २०२४

अजिनाथ,

काल बाजारात सांगितलं.

कसं सांगायचं ह्याचा विचार करत गेलो होतो. शिंगं कुठली दाखवायची, हेच डोक्यात. पण आबासाहेबांनी सौद्यासाठी रुमाल टाकला आणि मी तो काढून खांद्यावर ठेवला. हात उघडा, भर दावणीत. म्हटलं, ‘आबासाहेब, ह्या हाताचं सगळ्यांना ऐकू येतंच. आता तोंडाचं ऐका.’ आणि तू काय विचारलं होतंस, मी काय म्हणालो होतो, दवाखान्यात काय बोललो आणि काय नाही, ते सांगून टाकलं. आवाज बारीक केला नाही. पलीकडच्या शेळ्यांच्या बाजारापर्यंत गेला असेल.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मिरजगावकडचा एक गायवाला आहे, तुला ओळखतो. तो म्हणाला, ‘मंग त्या गरिबाला आमी उगं दोन वरीस...’ आणि पुढचं गिळलं.

आबासाहेब खाली बघत होते. म्हणाले, ‘सहादेव, आता तुज्या शब्दावर जनावर कोन घील?’

‘ज्याला घ्यायचं तो घेईल.’

‘मी तर आज न्हाई घेत,’ ते म्हणाले, आणि आपला हात मागं घेऊन निघून गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

रेश्माचा फोन आला होता. म्हणाली, आवाज दबवणारा मोजा निघालाय रबराचा, बसवून देते. मी नको म्हटलं. ती म्हणाली, ‘मामा, धंद्याला बरं पडेल.’ मी म्हटलं, ‘बाई, एवढाच एक अवयव उरलाय माझा जो लपवत नाही.’

हे मी तू परत यावं म्हणून केलं का? खरं सांगतो, थोडं तसंही आहे. दलालाचा जीव आहे, फुकट काही देत नाही. पण तू नाही आलास तरी सांगितलेलं मागं घेता येत नाही, आणि ते मला ठाऊक असताना मी बोललो, एवढं धर.

आई आज माझ्या हातचा चहा प्यायली. निम्मा.

सहादेव


घोडेगाव
९ नोव्हेंबर २०२४

अजिनाथ,

दोन शुक्रवार माझ्याकडं कोणी फिरकलं नाही. मी आपला रुमाल पसरून बसायचो. काल एक गाय आली होती, खुराला जखम. तिचा खूर डाव्या हातानं उचलून बघत उकिडवा बसलो होतो. उजवा गुडघ्यावर, त्याच्यावर रुमाल. गर्दी म्हणशील तर नेहमीचीच.

उजव्या अंगाला कोणीतरी येऊन बसलं. रुमालाचं टोक उचललं गेलं.

मी मान वळवली नाही. रुमालाखाली हात आला की समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं नसतं, हा रिवाज मीच तुला गोधडीखाली शिकवला. मी गाईच्या खुराकडं बघत राहिलो. वाटलं, कोणी नवखा असेल, माझी गोष्ट न ऐकलेला.

टक्. आणि थोड्या वेळानं पुन्हा, टक्.

ती ढिली करंगळी. बरं झालं बदलली नाही. धक्का कोपरापर्यंत आला, दोनदा. त्या बोटाला काही कळत नाही, अजिनाथ, ते प्लास्टिक आहे. पण मला कोणी विचारलं तर मी शपथेवर सांगेन की बोटाला कळलं.

मी उत्तर दिलं. करंगळी मिटली, उघडली. पुन्हा मिटली, उघडली. चिलटाची भुणभुण दोनदा. जवळचे दोन-तीन दलाल कान टवकारून होतेच. आबासाहेब आपल्या दावणीवरून ओरडले, ‘कसला रं ह्यो आकडा?’ सगळ्या बाजारानं ऐकलं, आणि साठ वर्षं बाजार केलेल्या माणसालासुद्धा त्याचा अर्थ लागला नाही.

मी खूर खाली ठेवून मान वर केली तेव्हा तू निघाला होतास. तोंडाला उपरणं होतं, पण तुझी डावी चप्पल अजून तशीच घासते. मी हाक मारली नाही. बाजारात मला रडताना बघायचा मान मी अजून कोणाला दिलेला नाही.

गेलेली मूठ आज लिहिताना जरा ढिली वाटते. उघडली असं म्हणणार नाही. ढिली.

काल संध्याकाळपासून एकाच गोष्टीचा विचार करतोय. ‘घरी चल’ म्हणालास, पण कोणाच्या घरी ते काही ठरलं नव्हतं. लहानपणी एकच घर होतं, तेही पाचटाचं. मी पाच महिने तुला लिहीत राहिलो, घरी ये, घरी ये. तू आलास, बोललास आणि कर्जतच्या वाटेला लागलास. चल म्हणणारा पुढं चालतो, दुसऱ्यानं मागून जायचं असतं. एवढं साधं मला एक रात्र घालवून कळलं.

पुढच्या सोमवारी सकाळच्या गाडीनं येतोय. आई बरोबर आहे. तिनं तांब्या पिशवीत घातलाय. मी म्हटलं, त्यांच्याकडं तांब्या नसेल का? तर म्हणाली, ‘त्यो ह्योच तांब्या घिऊन उभा ऱ्हायाचा.’ तू भरून दे. ती तुझ्या हातचं पाणी पिऊन मगच उंबरा ओलांडणार आहे.

मी बाहेर उभा राहीन. मला आत घ्यायचं की नाही, ते तू नंतर ठरव.

तुझा दादा